‘आवर्तन बदलते’ म्हणजे काय बदलते?

मागणीप्रमाणे कधी शक्ती, तर कधी काटकसर दाखविणाऱ्या वेगवान मोटारींविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात एका आशयाचे विधान हटकून आढळते : गाडी संथपणे धावत असता एंजिन ॲटकिन्सन आवर्तनावर जाते आणि चालकाने जोर मागताच ऑटो आवर्तनावर परतते. विधान व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु ‘जाते’ आणि ‘परतते’ ही क्रियापदे वाचकाची दिशाभूल करतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दोन गावांमध्ये ये-जा व्हावी तसे एंजिनात काही घडत नाही.

चोषण, संपीडन, प्रसरण व उत्सर्जन या चार धावा ऑटोच्या १८७६ च्या एंजिनापासून त्याच आहेत. बदलतो तो प्रामुख्याने चोषण-झडप मिटण्याचा क्षण. झडप उशिरा मिटली, की दट्ट्या वर येऊ लागल्यावर काही मिश्रण आल्या वाटेने परत जाते. उरते तेवढेच दाबले जाते. प्रसरणास मात्र पूर्ण धाव मिळते. त्यामुळे तेवढ्याच इंधनातून अधिक कार्य निघते. शिवाय अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्याचे श्रमही वाचतात. किंमत उघड आहे : सिलिंडरात मिश्रण कमी, म्हणून शक्तीही कमी.

जेम्स ॲटकिन्सनने हे केले नव्हते. त्याच्या १८८७ च्या पेटंटातील एंजिनात दांड्यांची जुळणी अशी होती, की भुजादंडाच्या एकाच फेऱ्यात चारही धावा पुऱ्या होत आणि त्यांच्या लांब्या खरोखरीच कमी-अधिक असत. त्या दांड्या आज नाहीत; नाव तेवढे राहिले. ‘तांबडी शाई’ म्हणताना ‘शाई’ या शब्दातील मूळचा काळेपणा कोणास आठवतो? झडपेच्या वेळेतून हाच लाभ साधण्याची कल्पना राल्फ मिलरच्या १९५७ च्या पेटंटात आहे. लोकप्रियता मात्र ॲटकिन्सनच्या नावास लाभली.

आता ‘बदला’चा प्रश्न. लेक्सस आरसी एफ (२०१४) या मोटारीच्या आठ सिलिंडरांच्या, पाच लिटर एंजिनात चोषण-कॅमदंडाचा कोन फिरवून झडपेचे मिटणे पुढे-मागे करता येते. येथे एक आवर्तन कोठे संपले व दुसरे कोठे सुरू झाले, ही रेषा यंत्रात नाही. ती आपल्या शब्दांनी ओढलेली आहे. याउलट ऑडीने २०१५ साली जाहीर केलेल्या दोन लिटर एंजिनात खरोखरीच दोन पायऱ्या आहेत : कमी भारावर चोषण-झडप भुजादंडाच्या सुमारे १४० अंशांपुरती उघडी राहते, अधिक भारावर १७० अंशांपुरती. तेथे झडप लवकर मिटते, एवढाच भेद. परंतु रूढ एंजिनात हा काळ १९० ते २०० अंशांचा असतो. म्हणजे दोन्ही पायऱ्या काटकसरीच्याच बाजूच्या. कॅम बदलतो हे खरे, आवर्तन बदलते हे नव्हे. संगीतातही वापरला जाणारा ‘आवर्तन’ हा शब्द येथे उलट सावध करतो. ताल तोच आहे. एक आघात सरकला आहे.

आपल्या उपनगरांतील गॅरेजांत या दोन नावांपैकी एकही ऐकू येत नाही. कुर्ल्यास प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेल्या आणि पुढे ‘पद्मिनी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या फियाटचा कॅम झडपांची वेळ लोखंडातच कायम करीत असे. त्या गाड्यांवर हात बसलेल्या कारागिरांच्या तोंडी दोन शब्द असत : ‘पिकप’ आणि ‘ॲव्हरेज’. दुसऱ्याचा इंग्रजी अर्थ वेगळा, हा आक्षेप शुद्धिवादी घेतील. पण टायमिंग हलविले तर पिकप येईल आणि ॲव्हरेज पडेल, असे कारागीर म्हणतो तेव्हा कारण व परिणाम दोन्ही त्याच्या वाक्यात असतात. आपल्या परिभाषेत परिणामाला संशोधकाचे नाव मिळाले आणि कारण गळाले. हा दोष अनुवादकाचा नसून मूळ जाहिरातीच्या इंग्रजीचा आहे. तरी तो जसाच्या तसा उतरविण्याचे बंधन आपल्यावर नव्हते.

म्हणून पारिभाषिक लेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘आवर्तन’ हा शब्द चार धावांच्या फेऱ्यापुरता राखावा, आणि झडपेविषयी ‘विलंबित मिटणी’ व ‘शीघ्र मिटणी’ असे म्हणावे, अशी सूचना आहे. १९९७ च्या प्रियससारख्या संकर मोटारींत उणी पडणारी शक्ती विद्युत्-मोटर पुरविते, म्हणून तेथे मिटणी विलंबितच ठेवणे परवडते. अशा एंजिनाच्या वर्णनात ‘बदल’ हा शब्द मुळीच योजू नये.