कोबोल वादाची समीक्षा : कालबाह्य ठरविलेली भाषा आणि तिच्या मूल्यमापनाचे निकष

प्रस्तावना

संगणकशास्त्राचा इतिहास अवघ्या काही दशकांचा असला, तरी जुन्या-नव्याचा वाद या ज्ञानशाखेतही अन्य शाखांइतकाच तीव्र आहे. या वादाच्या केंद्रस्थानी वारंवार येणारी प्रोग्रॅमिंग भाषा म्हणजे कोबोल होय. १९५९ मध्ये आकार घेऊ लागलेली ही भाषा मृत झाल्याचे आजवर अनेकदा जाहीर करण्यात आले. तथापि अनेक देशांतील बँका, विमा कंपन्या व शासकीय खाती यांचे दैनंदिन व्यवहार आजही तिच्यात लिहिलेल्या प्रोग्रॅमवर चालतात. प्रोग्रॅमरांचा एक पक्ष तिला संगणकशास्त्रावरील ओझे मानतो, तर दुसरा पक्ष तिच्या दीर्घायुष्यालाच तिच्या श्रेष्ठत्वाचा पुरावा मानतो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांची तपासणी केली आहे. या वादात तीन स्वतंत्र प्रश्न एकमेकांत मिसळले गेले आहेत. भाषा शिकणाऱ्याच्या विचाराला कोणते वळण लावते, हा पहिला प्रश्न. ज्या कामासाठी ती घडविली गेली ते काम ती किती चोख करते, हा दुसरा. तिच्यात साठलेले व्यवहाराचे ज्ञान कोणी सांभाळावयाचे, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लागू करण्यातून या वादातील बहुतांश कटुता निर्माण झाली आहे.

भाषेचा जन्म आणि तिचे प्रयोजन

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक संगणक-उत्पादकाची स्वतःची भाषा होती. यंत्र बदलले की प्रोग्रॅम नव्याने लिहावा लागे. हा खर्च टाळण्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पाठिंब्याने मे १९५९ मध्ये पेंटॅगॉन येथे बैठक झाली व भाषेच्या रचनेचे काम एका 'अल्पकालीन समिती'कडे सोपविण्यात आले. नावाप्रमाणेच या समितीकडून तात्पुरती सोय अपेक्षित होती. ग्रेस हॉपर यांच्या फ्लो-मॅटिक या भाषेचा नव्या भाषेवर मोठा प्रभाव पडला. जीन सॅमेट यांचाही रचनेत महत्त्वाचा वाटा होता. समितीच्या कारभाराने निराश झालेल्या हॉवर्ड ब्रॉमबर्ग यांनी कोबोलचे नाव कोरलेला थडग्याचा दगडच संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवून दिला होता. म्हणजे या भाषेच्या मृत्यूची घोषणा तिच्या जन्माइतकीच जुनी आहे. प्रत्यक्षात डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबोल प्रोग्रॅम अल्पशा बदलांनी दोन भिन्न कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आला आणि मूळ हेतू सिद्धीस गेला.

विद्वत्तेचा आक्षेप

कोबोलवरील सर्वांत प्रसिद्ध हल्ला एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९७५ च्या एका टिपणात केला. या भाषेच्या वापराने बुद्धी अपंग होते, सबब तिचे अध्यापन गुन्हा मानावे, असा त्याचा आशय होता. हे विधान पुढे असंख्य वेळा उद्धृत झाले. परंतु त्या टिपणात त्याच्या पुष्ट्यर्थ युक्तिवाद नाही, हे क्वचितच लक्षात घेतले जाते. फोर्ट्रान, पीएल-वन, बेसिक व एपीएल या भाषांवरही तेथे असेच शेरे आहेत. अधिकारी व्यक्तीचे सूत्रवजा वाक्य हे प्रमाण नव्हे, हा साधा नियम संगणकशास्त्राने येथे पाळलेला दिसत नाही.

याचा अर्थ आक्षेप निराधार होते, असा मात्र नाही. कोबोलच्या जुन्या आवृत्त्यांत प्रोग्रॅममधील सर्व माहिती एकाच विभागात घोषित होई व ती प्रोग्रॅमच्या प्रत्येक भागाला खुली असे. त्यामुळे एका परिच्छेदातील बदलाचा परिणाम कोठे होईल, हे सांगणे कठीण जाई. 'ऑल्टर' या आज्ञेने तर प्रोग्रॅम चालू असतानाच एखाद्या उडीचे गंतव्यस्थान बदलता येई. वाचकाच्या हाती असलेला मजकूर व यंत्राची प्रत्यक्ष कृती यांत अशा वेळी मेळ राहत नसे. पूर्णविरामाचा दोष याहून सूक्ष्म होता. १९८५ च्या प्रमाणकापूर्वी अटीची व्याप्ती पूर्णविरामाने संपे. 'खात्याची मुदत उलटली असल्यास' या अटीखाली दोन आज्ञा द्यावयाच्या असताना पहिलीनंतर चुकून पूर्णविराम पडला, तर दुसरी आज्ञा अटीबाहेर जाई. दंडव्याज थकलेल्या खात्याबरोबरच वेळेवर भरणाऱ्याच्या खात्यालाही लागे. एका टिंबाचा भार सामान्य खातेदाराने सोसावा, ही रचनेची त्रुटीच म्हणावी लागेल.

१९८५ च्या प्रमाणकाने अटीचा शेवट स्पष्टपणे दर्शविण्याची सोय केली, तर २००२ च्या प्रमाणकात वस्तुनिष्ठ रचनेचा समावेश झाला व 'ऑल्टर' वगळण्यात आले. सर्वांत अलीकडचे प्रमाणक २०२३ चे आहे. तेव्हा कोबोलवर टीका करताना ती कोणत्या आवृत्तीवर आहे, हे सांगणे टीकाकाराचे कर्तव्य ठरते. उलटपक्षी, चालू असलेले बरेचसे प्रोग्रॅम जुन्याच शैलीत आहेत. म्हणून नव्या प्रमाणकाकडे बोट दाखवून जुन्या दोषांतून सुटका करून घेण्याचा समर्थकांचा मार्गही तितकाच अपुरा आहे.

या दुराव्यामागे सामाजिक कारणही होते. बेन श्नायडरमन यांनी १९८५ मधील आपल्या लेखात दाखविल्याप्रमाणे, कोबोलच्या रचनेत विद्यापीठीय संगणकशास्त्रज्ञांचा सहभाग नव्हता. ती उद्योग व शासन यांतून आलेल्या मंडळींची निर्मिती होती. जी भाषा विद्यापीठाबाहेर जन्मली व हिशेबासारख्या 'रूक्ष' विषयासाठी जन्मली, तिच्याकडे पाहण्याची दृष्टी प्रथमपासूनच कलुषित होती, असे म्हणण्यास येथे आधार मिळतो.

समर्थनाची मर्यादा

समर्थकांचा सर्वांत भक्कम मुद्दा दशमान अंकगणिताचा आहे. एक-तृतीयांश ही संख्या जशी दशमान अपूर्णांकात नेमकी लिहिता येत नाही, तसे रुपयाचा दहावा भाग म्हणजे दहा पैसे ही रक्कम द्विमान अपूर्णांकात नेमकी मांडता येत नाही. त्यामुळे द्विमान फ्लोटिंग पॉइंट पद्धतीत ०.१ व ०.२ यांची बेरीज ०.३ शी तंतोतंत जुळत नाही. वैज्ञानिक गणनेत हा फरक बहुधा नगण्य असतो. लाखो खात्यांच्या व्याजाच्या हिशेबात मात्र ताळेबंद जुळत नाही. कोबोलमध्ये 'पिक्चर' या कलमाने एखाद्या रकमेसाठी रुपयांचे सात व पैशांचे दोन अंक, अशी नोंद करता येते व गणना दशमान पद्धतीनेच होते. तथापि हा गुण आज एकट्या कोबोलचा राहिलेला नाही. जावा, पायथन व एसक्यूएल यांतही दशमान गणनेची सोय आहे. फरक एवढाच, की कोबोलमध्ये ती भाषेच्या मूळ स्वभावात आहे, तर जावा व पायथनमध्ये ती प्रोग्रॅमरने आठवणीने निवडावी लागते.

दुसरा मुद्दा सुबोधतेचा. इंग्रजी वाक्यासारखी रचना असल्याने व्यवस्थापकालाही प्रोग्रॅम वाचता येईल, ही निर्मात्यांची अपेक्षा होती. ती फलद्रूप झाली नाही. एकेक वाक्य समजणे व हजारो वाक्यांचा परस्परसंबंध समजणे या भिन्न गोष्टी आहेत. कायद्यातील प्रत्येक शब्द ठाऊक असला, तरी कायदा समजतोच असे नाही. तसाच हा प्रकार आहे.

तिसरा मुद्दा दीर्घायुष्याचा. 'इतकी वर्षे टिकली म्हणून चांगली' हा तर्क सदोष आहे. एखादी व्यवस्था गुणांमुळे टिकते, तशीच ती बदलण्याच्या खर्चामुळे व भीतीमुळेही टिकते. ही भीती अगदीच अनाठायी नाही. ब्रिटनमधील टीएसबी या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये ग्राहकांची खाती नव्या प्रणालीवर हलविली, तेव्हा सुमारे १९ लाख ग्राहकांना आपल्या खात्यांपर्यंत पोचता येईना. पुढे २०२२ मध्ये नियामकांनी बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला. हा प्रसंग भाषाबदलाचा नसून स्थलांतराचा होता, आणि म्हणूनच तो बोलका आहे: जोखीम जुन्या भाषेत असते त्याहून अधिक स्थलांतराच्या नियोजनात असते.

२०२० चा प्रसंग

एप्रिल २०२० मध्ये, महासाथीच्या काळात, अमेरिकेत एकेका आठवड्यात साठ लाखांहून अधिक लोक बेकारभत्त्यासाठी अर्ज करीत होते. त्या वेळी न्यू जर्सी राज्याचे गव्हर्नर फिल मर्फी यांनी कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केले. हातावर पोट असलेल्या कुटुंबांचे पैसे अडले होते आणि दोष साठ वर्षे जुन्या भाषेच्या माथी आला. तंत्रज्ञानाच्या इतिहासकार मार हिक्स यांनी त्याच वर्षी याचा प्रतिवाद केला. अडचण प्रामुख्याने अर्ज भरण्याच्या तुलनेने नव्या संकेतस्थळाची होती व अनुभवी कर्मचाऱ्यांची पदे वर्षानुवर्षे कमी केली गेली होती, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे मान्य केल्यास, 'कालबाह्य भाषा' हे निदान प्रशासकीय दुर्लक्षावरील पांघरूण ठरते. समर्थकांनीही येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावयास हवी. जी व्यवस्था चालवू शकणारी माणसे आणीबाणीत शोधावी लागतात, ती कितीही अचूक असली तरी सुरक्षित म्हणता येत नाही.

अध्यापनाचा प्रश्न

१९८० व १९९० च्या दशकांत महाराष्ट्रातील संगणकविषयक अभ्यासक्रमांतून कोबोल शिकविली जात असे. २००० सालाच्या तारीख-समस्येच्या निमित्ताने अनेक भारतीय प्रोग्रॅमरांना या भाषेने परदेशी कामाचे दार उघडून दिले. वर्षाचे दोनच अंक नोंदविणे हा भाषेचा दोष नव्हता. साठवण महाग असलेल्या काळातील ती काटकसर होती. समस्या संपताच भाषा अभ्यासक्रमांतून मागे पडत गेली. म्हणजे तिचा स्वीकार व त्याग हे दोन्ही निर्णय बाजाराने घेतले. तिच्या गुणदोषांची शैक्षणिक चर्चा फारशी झालीच नाही.

येथे मोडी लिपीचे उदाहरण उद्बोधक ठरेल. मोडीत नवा व्यवहार आज कोणी करीत नाही. परंतु जमिनीचे जुने दस्तऐवज व पुराभिलेखागारांतील दप्तरे वाचण्यासाठी मोडी जाणणारे लागतात, म्हणून तिचे वर्ग आजही चालविले जातात. लिहिण्यासाठी शिकविणे व वाचण्यासाठी शिकविणे यांतील हा भेद कोबोललाही लागू पडतो. साम्याला अर्थात मर्यादा आहे. मोडी दस्तऐवज स्वस्थ पडून असतो, तर कोबोल प्रोग्रॅम रोज रात्री नव्या नोंदींवर चालतो. त्याचे वाचन चुकले तर परिणाम जिवंत माणसांच्या खात्यावर होतो.

२०२३ मध्ये आयबीएमने कोबोलचे जावात रूपांतर करण्यास साहाय्य करणारे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित साधन जाहीर केले. अशा साधनांनी मजकूर बदलेल; परंतु एखादा नियम मुळात का घातला गेला व आजही तो आवश्यक आहे काय, याचा निर्णय वाचणाऱ्या माणसालाच करावा लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की प्रथम शिकावयाची भाषा म्हणून कोबोलवरील आक्षेप बव्हंशी ग्राह्य आहेत. हिशेबाचे साधन म्हणून तिचे समर्थनही ग्राह्य आहे. परंतु या दोन्ही निर्णयांनी तिसरा प्रश्न सुटत नाही. संगणकशास्त्राच्या पदवीधराने चार नव्या भाषांत लिहावे, ही अपेक्षा रास्तच आहे; दुसऱ्याने पूर्वी लिहिलेले वाचता यावे, ही अपेक्षा मात्र आपल्या अभ्यासक्रमांत अभावानेच आढळते. कोबोलचा एखादा जुना प्रोग्रॅम वर्गात वाचून त्यातील व्यवहाराचा नियम शोधून काढणे, हा त्यासाठीचा उपयुक्त पाठ होऊ शकतो. असे वाचक घडविण्याची जबाबदारी महाविद्यालयांनी घेतली नाही, तर आज नवी म्हणून शिकविली जाणारी भाषाही उद्या याच कारणाने कालबाह्य म्हणविली जाईल.