कायद्याची तारीख आणि खिशातलं किट

मागच्या महिन्यात आमच्या डिपार्टमेंटच्या जर्नल क्लबमध्ये एक ज्युनिअर बोलत होता. विषय होता अमेरिकेत ओपिऑइडच्या ओव्हरडोसवर उतारा म्हणून लोकांना घरी न्यायला देतात ती नॅलोक्सोनची किट. शेवटच्या स्लाइडवर त्याने निष्कर्ष टाकला होता: किट वाटल्याने मृत्यू कमी होत नाहीत, उलट नशा आणि चोऱ्या वाढतात. खाली संदर्भ होता जेनिफर डोलिअक आणि अनिता मुखर्जी यांच्या २०१८ सालच्या शोधनिबंधाचा. नंतर चहाला गेलो तेव्हा दोघं-तिघं म्हणाले, "लॉजिकल आहे की. वाचवणारं कोणी आहे म्हटल्यावर माणूस बिनधास्त होणारच."

लॉजिकल आहे, मान्य. पण खरं आहे का? मी तो निबंध पुन्हा एकदा नीट वाचून काढला. निबंध टाकाऊ अजिबात नाही. लेखिका पद्धतीच्या बाबतीत काटेकोर आहेत. पण स्लाइडवरचं ते वाक्य त्यातून निघत नाही. कारण साधं आहे: या अभ्यासात किट मोजलेलीच नाहीत. कायदे मोजलेत.

आधी थोडी पार्श्वभूमी. हेरॉइन, मॉर्फिन, फेंटानिल ही सगळी ओपिऑइड. मेंदूतल्या म्यू रिसेप्टरवर ती जाऊन बसतात, आणि प्रमाण जास्त झालं की श्वास मंद होत होत थांबतो. ओव्हरडोसमधला मृत्यू बहुधा श्वास थांबल्याने होतो. नॅलोक्सोन त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, पण त्याला उद्दीपित करत नाही. थोडक्यात, खुर्चीवरच्याला उठवून स्वतः बसतं आणि काहीच करत नाही. काही मिनिटांत श्वास परत येतो. ज्याच्या अंगात ओपिऑइड नाही त्याच्यावर त्याचा जवळजवळ काही परिणाम होत नाही. अमेरिकेत या औषधाला १९७१ मध्ये मान्यता मिळाली, पण कित्येक वर्षं ते हॉस्पिटल आणि अँब्युलन्सपुरतंच राहिलं.

अडचण अशी की ओव्हरडोस होतो घरी, गाडीत, नाहीतर सार्वजनिक संडासात. तिथे डॉक्टर नसतो, असला तर दुसरा नशा करणाराच असतो. मग औषध त्याच्याच हातात का देऊ नये? शिकागो रिकव्हरी अलायन्स या संस्थेने १९९६ मध्ये नेमकं हेच सुरू केलं. किटमध्ये औषधाचे एक-दोन डोस. सोबत थोडक्यात प्रशिक्षण: ओठ निळे पडलेत का बघा, हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने जोरात घासा, अँब्युलन्सला फोन करा, तोंडाने श्वास द्या, औषध द्या, आणि माणूस शुद्धीवर आला तरी त्याला एकटं सोडून जाऊ नका. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण नॅलोक्सोनचा अंमल साधारण तास-दीड तासात उतरतो आणि अंगातलं ओपिऑइड त्याहून जास्त वेळ टिकू शकतं.

आता निबंधाकडे येऊ. लेखिकांचा युक्तिवाद अर्थशास्त्रातल्या 'मोरल हॅझर्ड' या कल्पनेवर उभा आहे. विमा उतरवला की माणूस निष्काळजी होतो, तसं मरणाची भीती कमी झाली की नशा वाढेल. हे तपासायला त्यांनी काय केलं? वेगवेगळ्या अमेरिकी राज्यांत नॅलोक्सोन मिळणं सोपं करणारे कायदे कधी लागू झाले, त्या तारखा घेतल्या आणि त्यांच्या आधीची व नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. निष्कर्ष: ओपिऑइडमुळे इमर्जन्सी विभागात येणारे वाढले, ओपिऑइडशी संबंधित चोऱ्या वाढल्या, मृत्यू एकूणात कमी झाले नाहीत, आणि मिडवेस्टमध्ये तर ओपिऑइडमुळे होणारे मृत्यू १४ टक्क्यांनी वाढले.

पुण्यात राहणाऱ्याला यातली गोम लगेच कळायला हवी. दुचाकीवर हेल्मेट घालायचा नियम १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. आता समजा एखाद्या परदेशी संशोधकाने हेल्मेटसक्तीच्या आदेशांच्या तारखा घेतल्या, पुण्यातल्या अपघाती मृत्यूंचा आलेख काढला आणि जाहीर केलं की हेल्मेटने डोकं वाचत नाही. आपण त्याला काय सांगू? बाबा रे, आधी चौकात उभा राहा आणि किती हेल्मेटं डोक्यावर आहेत, किती आरशाला लटकवलीत ते मोज. आदेशाची तारीख म्हणजे हेल्मेट नव्हे.

नॅलोक्सोनच्या बाबतीत ही तफावत याहून मोठी आहे. शिकागोत किट वाटप १९९६ पासून. इलिनॉय राज्याचा कायदा लागू झाला जानेवारी २०१० मध्ये. मधली चौदा वर्षं त्या शहरात किट होती, कायदा नव्हता. दुसरीकडे असेही भाग होते जिथे कायदा झाला, पण वाटायला संस्था नाही, पैसा नाही आणि दुकानदार औषध ठेवायला तयार नाही. अमेरिकेच्या सीडीसीने २०१५ मध्ये छापलेल्या सर्वेक्षणानुसार १९९६ ते जून २०१४ या काळात १,५२,२८३ सामान्य लोकांना किट मिळाली आणि २६,४६३ वेळा त्यातून माणूस शुद्धीवर आल्याचं संस्थांना कळवलं गेलं. असे शुद्धीवर आणणारे ८० टक्क्यांहून जास्त लोक स्वतः नशा करणारे होते. म्हणजे काम चाललं होतं ते या संस्थांच्या जाळ्यातून, आणि ते जाळं राज्याच्या राजपत्राकडे बघून विणलेलं नव्हतं.

सगळे कायदेही सारखे नाहीत. २०१९ मध्ये जामा इंटर्नल मेडिसिनमध्ये आलेल्या अभ्यासाने कायद्यांचे प्रकार वेगळे केले. फार्मासिस्टला स्वतःच्या अधिकारात औषध देता येईल अशी तरतूद जिथे होती तिथे मृत्यू कमी झालेले दिसले; बाकीच्या, सौम्य कायद्यांत तसं दिसलं नाही. २०१७ मध्ये दुसऱ्या काही अर्थशास्त्रज्ञांनी याच विषयावर केलेल्या अभ्यासात ओपिऑइड मृत्यूंमध्ये ९ ते ११ टक्के घट दिसली होती. प्रश्न तोच, मापही तेच कायद्याचं, आणि उत्तरं विरुद्ध. असं होतं तेव्हा मला आधी त्या मापावर शंका येते.

आता इमर्जन्सीचा आकडा. घरी मेलेला माणूस कॅज्युअल्टीत येत नाही, त्याची नोंद शवागारात होते. किटमुळे वाचलेला माणूस मात्र कॅज्युअल्टीत येतो, कारण प्रशिक्षणात सांगितलेलंच असतं की अँब्युलन्स बोलवा. म्हणजे कार्यक्रम नीट चालला तर हा आकडा वाढायलाच हवा. त्यावरून नशा वाढली असं म्हणायचं, तर वाढीतले किती जण नव्याने नशा करणारे आणि किती जण वाचलेले, हे वेगळं करावं लागेल. लेखिकांना हा मुद्दा ठाऊक आहे. त्यांचं उत्तर असं की मग मृत्यू कमी दिसायला हवे होते, आणि ते दिसत नाहीत. उत्तर वाजवी आहे. पण त्यामुळे सगळा भार मृत्यूच्या आकड्यावर येतो, आणि तिथे फेंटानिल आडवं येतं.

२०१३-१४ पासून बेकायदा फेंटानिल अमेरिकेच्या पूर्वेकडच्या आणि ओहायोसारख्या मिडवेस्टमधल्या राज्यांत हेरॉइनमध्ये मिसळून येऊ लागलं. पश्चिमेकडे डांबरासारखं काळं हेरॉइन चालायचं, त्यात ही पांढरी पूड मिसळणं अवघड होतं, म्हणून तिथे ते उशिरा पोचलं. बहुतेक राज्यांचे कायदे याच दोन-तीन वर्षांत झाले. म्हणजे कायदा आणि विष एकाच गाडीने आले. २०१० मध्ये अमेरिकेत ओपिऑइड ओव्हरडोसने २१,०८९ माणसं गेली. २०१७ मध्ये ४७,६००. ज्या मिडवेस्टमध्ये १४ टक्के वाढ दिसली तिथेच ही लाट जोरात होती. संख्याशास्त्रीय नियंत्रण घालून हे वेगळं काढायचा प्रयत्न करता येतो, पण फेंटानिल कोणत्या शहरात कोणत्या महिन्यात पोचलं याचा हिशेब विकणाऱ्यांकडेही नसेल.

चोऱ्यांच्या मुद्द्यावर मात्र माझा आक्षेप आकड्यांच्या पलीकडचा आहे. निबंधात परिणामाचे दोन मार्ग मांडलेत. एक, भीती कमी झाल्याने लोक जास्त नशा करतात. दोन, जे मेले असते ते जगतात आणि त्यांची नशा चालू राहते. पहिल्याला मोरल हॅझर्ड म्हणा. दुसऱ्याला काय म्हणायचं? तो माणूस जिवंत आहे, एवढाच त्याचा दोष! हार्ट अ‍ॅटॅकमधून वाचलेला माणूस पुन्हा वडापाव खातो म्हणून कार्डिअ‍ॅक अँब्युलन्सच्या खात्यावर आपण त्याचं कोलेस्टेरॉल टाकत नाही. आणि पहिल्या मार्गाबद्दलही एक साधी गोष्ट: ओपिऑइडची सवय असलेल्याला नॅलोक्सोन दिलं की विड्रॉअल एका झटक्यात सुरू होतं. उलट्या, घाम, अंगदुखी, जिवाची तगमग. या भरवशावर कोणी जास्तीचा डोस घेईल हे मला तरी पटत नाही.

लेखिकांच्या बाजूनेही दोन गोष्टी नोंदवायला हव्यात. किट वाटप बंद करा असं त्या म्हणत नाहीत. उपचारांची जोड हवी, असा त्यांचा सूर आहे. आणि निबंध २०२२ मध्ये जर्नल ऑफ लॉ अँड इकॉनॉमिक्समध्ये आला तेव्हा शीर्षकातून 'मोरल हॅझर्ड' हे शब्द गेलेले होते, आणि आता तिथे थेट 'कायद्यांचे परिणाम' असं आहे. स्लाइडवर मात्र जुनंच शीर्षक फिरतंय.

मग किट मोजणारा अभ्यास आहे का? आहे. २०१३ मध्ये बीएमजेमध्ये अलेक्झांडर वॉली आणि सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या १९ शहर-गावांचा अभ्यास छापला. त्यांनी कायद्याची तारीख घेतली नाही. दर लाख लोकसंख्येमागे किती जणांना प्रशिक्षण आणि किट मिळालं ते घेतलं. जिथे काहीच नव्हतं त्यांच्या तुलनेत, लाखामागे १ ते १०० जण प्रशिक्षित होते तिथे ओव्हरडोस मृत्यूंचा दर २७ टक्क्यांनी कमी, आणि १०० च्या वर होते तिथे ४६ टक्क्यांनी कमी. मात्रा वाढली तसा परिणाम वाढला. आणि ओपिऑइडमुळे हॉस्पिटलात येण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही.

हा निबंध मला आवडतो, म्हणून त्यातली भोकंही सांगतो. त्यात २,९१२ जणांना प्रशिक्षण दिलं आणि त्यांनी ३२७ वेळा कोणालातरी वाचवायचा प्रयत्न केल्याचं कळवलं. ज्या १५३ प्रयत्नांची पुरेशी माहिती होती त्यातले १५० यशस्वी, म्हणजे ९८ टक्के. हा आकडा पत्रकांवर छापायला छान आहे, पण तो येतो कुठून? किट वापरलेला माणूस नवं किट मागायला येतो तेव्हा भरलेल्या फॉर्मवरून. जो आलाच नाही, जो घाबरून पळाला, जो स्वतःच गेला, त्याचा फॉर्म नाही. बचावाच्या बातम्या परत येतात, अपयशाच्या कमी येतात. मृत्यूदराचे आकडे या फॉर्मवर अवलंबून नाहीत, तेवढा हा अभ्यास भक्कम. पण कोणत्या गावात किती किट जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. जिथे कार्यकर्ते जास्त जागे, तिथे बाकीच्या गोष्टीही बऱ्या असू शकतात.

मग चिठ्ठ्या टाकून बघायचं का? इंग्लंडमध्ये एन-अलाइव्ह चाचणीत ते केलं. तुरुंगातून सुटणाऱ्यांपैकी चिठ्ठीने निवडलेल्या अर्ध्यांना नॅलोक्सोन, अर्ध्यांना नाही. डिसेंबर २०१४ मध्ये चाचणी थांबवली. कारण दिलेलं नॅलोक्सोन ज्याला दिलं त्याच्यावर साधारण एक तृतीयांश वेळाच वापरलं गेलं. दोन तृतीयांश वेळा ते दुसऱ्याच कोणावर. ओव्हरडोस झालेला माणूस स्वतःला नॅलोक्सोन देऊ शकत नाही, हे खरं तर उघड आहे. छत्री एकाला दिली आणि भिजला नाही दुसरा, तर पहिल्याचे कपडे तपासून काय कळणार? इथे मोजायचं एकक माणूस नसून वस्ती आहे.

वस्ती हे एकक धरून अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला: चार राज्यांतल्या ६७ वस्त्या, नॅलोक्सोन वाटप, औषधोपचार आणि सुरक्षित प्रिस्क्रिप्शन एकत्र. २०२४ मध्ये निकाल आला. मृत्यूदर ९ टक्के कमी, पण संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नाही. मग सगळं फोल? निबंधातच एक आकडा आहे: वस्त्यांनी ठरवलेल्या ६१५ उपक्रमांपैकी तुलनेचा काळ सुरू होताना २३५ च सुरू झालेले होते. मध्ये कोविड, वर फेंटानिल. पुन्हा तेच. ठरावाची तारीख एक, हातात पडल्याची तारीख दुसरी.

या निकालाने किट निर्दोष ठरत नाहीत, हेही मान्य करायला हवं. वस्तीभर पुरेशी किट, वेळेवर, आणि नंतर उपचार, एवढं जमलं तर किती मृत्यू टळतात याचं चोख उत्तर आपल्याकडे अजून नाही. मॅसॅच्युसेट्सचा आकडा हा सध्याचा सगळ्यात चांगला अंदाज, बस.

ज्युनिअरला मी एवढंच सांगितलं: स्लाइड काढू नकोस, कर्ता बदल. 'किट वाटल्याने' च्या जागी 'कायदा केल्याने' लिही. तो म्हणाला, "एका शब्दाने काय फरक पडतो, दादा?" फरक असा पडतो की ते वाक्य वाचून कुठलीशी नगरपालिका पुढच्या वर्षीच्या किटचे पैसे कापते. कायदा पुस्तकात तसाच राहतो. आणि कोणाच्यातरी खिशात जे असायला हवं होतं, ते नसतं.