गुत्ता, तावेर्न आणि आपल्या घरचे रुमाल

पणजीच्या मळ्यातून आणि फोंताइन्हासच्या गल्ल्यांतून हल्ली वारसा-फेर्‍या निघतात. मंडळी रंगीत भिंतींपाशी थांबतात, छायाचित्रे काढतात आणि फेरीच्या शेवटी एखाद्या जुन्या तावेर्नात शिरतात. अशा एका फेरीत आम्हीही कुतूहलाने सामील झालो होतो. अरुंद दार, झिजलेली लाकडी फळी, फडताळात मांडलेल्या बाटल्या, कोनाड्यातील संताची मूर्ती आणि तिच्यापुढचा लहानसा दिवा, हे सारे वाटाड्याने मोठ्या प्रेमाने दाखविले. येथे पूर्वी खलाशी बसत, कचेरीतले कारकून बसत, सायंकाळी कुणी गिटार छेडी. मग पोर्तुगीज गेले आणि ते दिवसही गेले. इतिहास एवढाच. फेरीतली मंडळी हळवी झाली. आम्हीही झालो नाही असे म्हणणे खोटे होईल.

परंतु घरी परतल्यावर मनात काही खुपत राहिले. गोव्याच्या जुन्या पानगृहांविषयी जे लेखन गेल्या दोन दशकांत, मुख्यतः इंग्रजीत, झाले आहे त्यातील बहुतेक या फेरीसारखेच आहे. ते खोटे नाही. त्यात जिव्हाळा आहे आणि क्वचित उत्तम निरीक्षणही. मात्र त्यात पानगृहाचा इतिहास गिर्‍हाईक आत शिरताना सुरू होतो आणि गिर्‍हाईक बाहेर पडताना संपतो. बाटलीत जे आहे ते कुणी गाळले, कोणत्या डोंगरावरून ते आले, ते विकण्याचा हक्क कुणी कुणाकडून किती रकमेला घेतला, हे प्रश्न लेखकाला पडतच नाहीत. आणि आमच्यासारख्या पेडणे-डिचोलीकडील जुन्या मराठी घराण्यांना ही उणीव जाणवत नाही, याचे कारण असे की ती आमच्या सोयीची आहे.

आधी शब्दांकडे पाहू. ‘तावेर्न’ हा पोर्तुगीज शब्द लॅटिनमधील ‘ताबेर्ना’वरून आला, त्याचा मूळ अर्थ साधे दुकान, खोपटे. त्यात कसलेही गूढ नाही. आपला मराठी शब्द ‘गुत्ता’. आज तो उच्चारताच नाक मुरडले जाते. पण मुळात गुत्ता म्हणजे मक्ता, कंत्राट. मराठवाड्यात रस्ता बांधणार्‍या कंत्राटदाराला आजही गुत्तेदार म्हणतात आणि त्यात कुणाला मद्याचा वास येत नाही. दारू विकण्याचा मक्ता तो दारूचा गुत्ता. पुढे दारू हा शब्द गळाला आणि मक्त्याचेच नाव जागेला चिकटले. आता माडावर चढून सूर काढणार्‍या ‘रेंदेरा’चे नाव घ्या. तो शब्द पोर्तुगीज ‘रेंद’पासून, म्हणजे खंड किंवा मक्ता यापासून आलेला. दोन भाषा, दोन राजवटी. पण माडीशी संबंधित माणसाचे आणि जागेचे नाव दोन्हींकडे महसुलाच्या वहीतून आले. पेयाचे स्वतःचे नाव ठेवण्याचे काम मात्र गाळणार्‍यांनी केले. फेणी हा शब्द फेणावरून. गाळलेली धार बाटलीत हलवून पाहायची, बुडबुडे कसे धरतात त्यावरून तिची ताकद ओळखायची, ही रीत त्या नावात शिल्लक आहे.

पानगृहाचा इतिहास लिहायचा तर तो या ‘रेंद’पासून लिहावा लागेल. सोळाव्या शतकात, काजूचे मद्य सर्वत्र होण्याच्या आधी, गोव्यातील मद्य हे माडाचे होते. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्स्खोतेन या डच प्रवाशाने माडाच्या सुरेचे आणि तिच्यापासून गाळलेल्या मद्याचे वर्णन करून ठेवले आहे. या मद्यावरचा कर सरकार स्वतः गोळा करीत नसे. तंबाखू, मसाले, कापड यांच्या करांप्रमाणे त्याचाही मक्ता लिलावाने दिला जाई. मक्तेदाराने ठरलेली रक्कम तिजोरीत भरायची आणि वरची आपण ठेवायची. हे मक्तेदार कोण होते? मायकेल पिअर्सन या इतिहासकाराने १६०० ते १६७० या काळातील गोव्याच्या रेंदांचा अभ्यास १९७२ साली प्रसिद्ध केला. त्यात आढळले ते असे की, ज्या राज्याने देवळे पाडली आणि हिंदूंवर नाना निर्बंध घातले, त्याच राज्याच्या करांचे बहुसंख्य मक्तेदार हिंदूच होते, आणि त्यांत सारस्वत ब्राह्मणांचा वाटा मोठा होता.

हे वाचून आम्ही काही काळ पुस्तक मिटून बसलो. आपल्या घराण्यांच्या ज्या कथा आपण मुलांना सांगतो त्यांत कुलदेवतेचे स्थलांतर असते, रात्रीच्या अंधारात नदी ओलांडणे असते, सावंतवाडीकरांची सनद असते, देशमुखी-कुळकर्ण्य असते. मद्याच्या मक्त्याची कथा कुणी सांगत नाही. पिअर्सन यांचा अभ्यास जुन्या काबिजादींचा आहे. डिचोली व सत्तरी १७८१-८२ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले, तेव्हा तो निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या महालांना लावणे अन्यायाचे होईल. तरीही मक्त्याची पद्धत आपल्याकडेही अनोळखी नव्हती. ‘गुत्ता’ हा शब्द आपलाच आहे, तो लिस्बनहून आलेला नाही.

पुढे १८७८ च्या इंग्रज–पोर्तुगीज कराराने मिठाबरोबर अबकारीचीही व्यवस्था ब्रिटिश हिंदुस्थानच्या वळणावर नेली. करार १८९२ मध्ये संपला, अबकारी हा शब्द मात्र राहिला. मुक्तीनंतरचा अबकारी कायदा १९६४ चा. काजूच्या मोसमाआधी डोंगरांचे विभाग पाडून गाळण्याच्या हक्काचा लिलाव करण्याची पद्धत त्यानंतरही चालत आली. पेडण्यात आणि डिचोलीत या पावणीच्या दिवशी कचेरीपुढे जमणारी गर्दी पाहिलेले वाचक पुष्कळ असतील. पणजीतील तावेर्नाच्या फळीवर ठेवलेला पेला या लिलावापासून तोडून पाहता येत नाही.

तसाच तो डोंगरापासूनही तोडता येत नाही. ज्या फोंताइन्हासला आज पोर्तुगीज वळणाची वस्ती म्हणून मिरवले जाते, ती जागा अठराव्या शतकाच्या अखेरीस एका धनिक गोमंतकीयाने लावलेले नारळाचे भाट होती, आणि पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला तो १८४३ मध्ये. काजू ब्राझीलहून पोर्तुगिजांबरोबर आला खरा, पण तो रुजला आणि पसरला तो आमच्याकडच्या वरकस जमिनीवर. मार्च ते मे, बोंडू गळायला लागले की ते वेचायचे, कातळातल्या कुंडात पायांनी मळायचे, मळून झाल्यावर शेवटी दाबून निघणारा निवळ रस नीरो म्हणून पोरांना प्यायला द्यायचा, आधीचा आंबवायचा आणि भाणात घालून चुलीवर चढवायचा. वाफ थंड होऊन ज्या मडक्यात उतरते त्याला लावणी म्हणतात. (घाटावरून आलेल्या आमच्या एका पाहुण्यांनी हा शब्द ऐकून भलतीच अपेक्षा केली होती!) पहिली उतरण हुर्राक, ती पुन्हा गाळली की फेणी. हे काम जुन्या काबिजादींत ख्रिस्ती रेंदेरांनी, आमच्या बाजूला मुख्यतः भंडारी समाजाने आणि डोंगरातील कष्टकर्‍यांनी केले. वारसा-लेखनात त्यांना नाव नाही. आमच्या घराण्यांच्या बखरींतही नाही.

आणि आमच्या घरांत मद्य नव्हते असे तरी कुठे होते? ते फडताळात, ‘औषधाची बाटली’ या नावाने होते. पडसे झाले की पोरांच्या छातीला फेणी चोळायची, बाळंतिणीच्या अंगाला लावायची. गावाच्या वेशीवरील राखणदाराला सोर्‍याचा मान वर्षातून एकदा तरी द्यायचा, तोही गुरवाच्या किंवा घाड्याच्या हातून. देवचाराने प्यावे, गड्याने प्यावे, मक्त्याची रक्कम आपण मोजावी, आणि प्याल्याला मात्र स्पर्श नाही अशी ही विभागणी होती. तिला आम्ही शुचिता म्हणत आलो.

मराठी साहित्याने या विभागणीला हात लावला नाही. मद्य म्हटले की मराठी रसिकाला एकच नाटक आठवते. ‘एकच प्याला’ १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले; तोवर गडकरी गेलेले होते. बालगंधर्वांची सिंधू आणि बोडसांचा सुधाकर यांची आठवण आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत ताजी होती, आणि जत्रेतल्या नाटकांत तो प्रयोग लावला की मंडप रडायचा. नाटकाच्या थोरवीविषयी आमचे दुमत नाही. परंतु तेथे पिणारा वकील आहे, त्याचे पिणे हे एका बुद्धिमान पुरुषाचे पतन आहे आणि त्याची किंमत पत्नी व मूल देतात. मद्य तेथे कुठून येते? ते जणू आकाशातून पेल्यात पडते. गाळणारा नाही, मक्तेदार नाही, सरकार नाही. ते त्या नाटकाचे प्रयोजनही नव्हते. दोष गडकर्‍यांचा नाही. दोष आमचा, की एका शोकांतिकेला आम्ही मद्याविषयीचे आमचे संपूर्ण समाजशास्त्र मानले. रंगमंडपात सिंधूसाठी डोळे पुसायचे आणि बाहेर पडताना ज्याने गाळली त्या गड्याला ‘बेवडा’ म्हणायचे, ही सोय त्या नाटकाने दिलेली नाही, आम्ही घेतली.

दुसर्‍या टोकाला हसरे चित्र आहे. मारियो मिरांडा यांच्या रेखाचित्रांतील तावेर्न जगभर पोचले. मुंबईच्या कुलाब्यातील कॅफे माँडेगारच्या भिंतींवरही त्यांची माणसे आहेत. मारियोंची रेघ प्रेमळ आणि नजर तीक्ष्ण होती, आणि त्यांच्या गर्दीतला प्रत्येक चेहरा वेगळा असतो हे त्यांचे मोठेपण. पण त्यांच्या तावेर्नात हिशेबाची वही आम्हाला दिसली नाही. हिंदी चित्रपटांनी तर मारियोंची नजरही न घेता फक्त टोपी, गिटार आणि बाटली उचलली. ‘अमर अकबर अँथनी’ने (१९७७) दारूचा अड्डा चालविणारा ख्रिस्ती तरुण घराघरांत नेला. १९५० पासूनच्या मुंबई राज्यातील दारूबंदीने ज्या चोरट्या अड्ड्यांना जन्म दिला, त्यांचीच ही पडद्यावरची छाया. पण पडद्यावर ती एका धर्माच्या माणसांचा स्वभाव म्हणून आली. आमच्यापैकी कितीजणांना हे पाहून बरेच वाटले असेल! पिणारा तो, आपण नव्हे.

वास्तविक त्या दारूबंदीचा इतिहास पेडण्याइतका कुणाला ठाऊक असावा? हद्दीच्या पलीकडे बंदी, अलीकडे मुभा. सातार्ड्याच्या आणि बांद्याच्या बाजूने रात्री जे डोक्यावरून गेले त्यात केवळ ख्रिस्ती खांदे नव्हते. ज्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले त्याच हद्दीवरची ही दुसरी ये-जा. ती कुणी लिहिली नाही, कारण ती स्मारकाला शोभत नाही.

डिचोलीची गोष्ट आणखी निराळी. येथे पानगृह वाढले ते खाणींबरोबर. ट्रक वाढले तसे रस्त्याकडेचे बार वाढले; त्यांत ना कोनाडा, ना गिटार, फक्त पत्र्याचे छप्पर आणि रोजची मजुरी. पुंडलीक नायक यांच्या ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीने खाणीमुळे उन्मळलेल्या गावाचे चित्र उभे केले. त्या पातळीवर जाणारे, पण डिचोलीच्या बारच्या बाकावर बसून लिहिलेले मराठी पुस्तक आमच्या वाचनात नाही. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे काही काळ सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि त्या रस्त्यांवरचे कित्येक बार कुणाच्याही हळव्या लेखाविना बंद झाले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गाकडेच्या दुकानांना टाळी लागली, तेव्हा पेडण्यातही तेच दृश्य होते. जुने म्हणून जपावे असे त्यांत काही नव्हते काय? की वारसा ठरण्यासाठी दाराला शिंपल्यांची तावदानेच लागतात?

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ मध्ये राज्याने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. मोपाचा विमानतळ २०२३ पासून सुरू झाला. आता पेडण्याच्या डोंगरांवर उतरणार्‍या प्रवाशालाही तिचा इतिहास हवा असतो, आणि तो त्याला पणजीच्या गल्लीतला दिला जातो.

म्हणून या त्रैमासिकाच्या वाचकांना आमची एक विनंती. आपल्यापैकी अनेकांच्या माडीवर मोडी कागदांचे रुमाल बांधून ठेवलेले आहेत. सनदा आणि वंशावळी यांपुरतेच ते सोडले जातात. जमाखर्चाचे बंद तसेच राहतात. ते सोडावेत. माडांची मोजणी, रेंद, गुत्ता, भट्टीची पट्टी, सोर्‍याची रक्कम असे शब्द आढळले तर त्या पानाची प्रत काढून मंडळाकडे पाठवावी. मोडी वाचता येत नसल्यास तसे कळवावे. वाचणारे दोघेजण आमच्यात अजून आहेत. पणजीचा पुराभिलेख १५९५ पासूनचा आहे आणि तेथे सरकारची बाजू आहे. घरची बाजू घरीच आहे. कागद नाव वगळून छापावा असे वाटत असेल तर नाव वगळू.