एताप्लचे चेहरे

विल्फ्रेड ओवेन आपल्याला ठाऊक असतो तो पहिल्या महायुद्धाचा कवी म्हणून. पण १९१५ च्या ऑक्टोबरात भरती होऊन एसेक्सच्या छावणीत कवायत शिकू लागल्यापासून मरणाच्या चार दिवस आधीपर्यंत तो आईला, सुझन ओवेनला, सतत पत्रे लिहीत होता. आईला लिहिलेली त्याची पाचशेहून अधिक पत्रे छापली गेली आहेत. त्यांतले ३१ डिसेंबर १९१७ चे पत्र पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे.

आघाडीवर मनावर आघात झाल्यामुळे एडिंबरोजवळच्या इस्पितळात उपचार घेऊन ओवेन तेव्हा स्कारबरोला राखीव पलटणीत आला होता. अधिकाऱ्यांना ठेवलेल्या एका हॉटेलची व्यवस्था त्याच्याकडे होती. इथून तयार झालेली माणसे फ्रान्सला रवाना होत. स्वतः मात्र तो सुरक्षित होता.

पत्राचा सुरुवातीचा सूर अभिमानाचा आहे. सरत्या वर्षात आपण कवी झालो, नावाजलेले कवीही आपल्याला बरोबरीचा मानतात, हे तो आईला लेकाच्या हक्काने सांगतो. बंदरातून ओढून आणणाऱ्या होड्या मागे राहिल्या आणि आपले गलबत भर समुद्राला लागले, अशी त्याची ऐटदार प्रतिमा आहे. एवढ्यात मध्यरात्र होते आणि सूर पालटतो. बरोबर वर्षापूर्वीची रात्र त्याला आठवते.

त्या रात्री तो फ्रान्सच्या किनाऱ्यावर एताप्लच्या तंबूत जागा होता. एताप्ल हा ब्रिटिश सैन्याचा प्रचंड तळ. आघाडीवर जाण्याआधी वाळूच्या टेकड्यांत तिथे शेवटची कवायत होई. संगिनी आणि विषारी वायूचे धडे दिले जात. ओवेनला ते ठिकाण ना फ्रान्स वाटते ना इंग्लंड. खाटिकखान्यात नेण्याआधी जनावरे चार दिवस ठेवावीत तसा कोंडवाडा वाटतो. जवळच स्कॉटिश शिपाई नववर्षाचा जल्लोष करत होते. ते आता हयात नाहीत, आणि आपण मरणार हे त्यांना तेव्हाही माहीत होते, एवढेच तो सांगतो. एकही हळहळीचा शब्द जोडत नाही.

पुढची ओळ तर फारच कसबी आहे. वर्षानंतर याच रात्री काय असेल, हा त्या तंबूत आलेला विचार तो तीनदा सुरू करतो आणि तिन्ही वेळा अर्ध्यावर सोडतो. पहिल्यांदा कर्ता ‘मी’, मग ‘आपण’, मग ‘तू’. मुख्य क्रियापद एकदाही येत नाही. लेक उरला नाही तर आईचे काय, हा प्रश्न त्या तीन सर्वनामांतच पुरा होतो. आघाडीवरच्या पत्रांवर चाले तशी सेन्सॉरची कात्री इथे नव्हती. जे गाळले ते त्याने स्वतः गाळले, आणि गाळण्यात आपण उस्ताद आहोत हेही हसत कबूल केले.

मग येतात तळावरचे ते चेहरे. ते वर्णन नकारांतून पुढे सरकते: ती निराशा नव्हती, भीती नव्हती, भीतीहून भयंकर काही होते. डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखी, मेलेल्या सशासारखी भावशून्य नजर. कोंडवाड्यातल्या कळपावरून त्याची दृष्टी एका लहानशा जिवावर येऊन थांबते. ही नजर इंग्लंडात दिसणार नाही आणि लढाईतही नाही, असे तो बजावतो. म्हणजे गोळी लागण्याच्या कितीतरी आधी, कवायतीच्या तळावरच, माणसे आतून विझली होती.

ही नजर कोणी चितारणार नाही, कोणा नटाला साधणार नाही, असे म्हणून तो शेवटी लिहितो की तिचे वर्णन करायचे तर मला पुन्हा त्यांच्यात जावे लागेल. इथे पत्राची दोन टोके जुळतात. कवी झाल्याचा आनंद पहिल्या टोकाला, त्याची किंमत दुसऱ्या. मनातले आज बोललो नाही, पुढच्या डिसेंबरात नक्की बोलेन, असा शब्दही तो आईला देतो.

१९१८ च्या ऑगस्टअखेर तो फ्रान्सला परतला. ४ नोव्हेंबरला सांब्र-ओआझ कालवा ओलांडताना, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तो मारला गेला.

कवीची पत्रे आपण बहुधा कवितेच्या तळटिपा म्हणून वाचतो. या पत्राला तो न्याय लावू नये. ओवेनच्या उत्तम कवितांच्या पंगतीत ते स्वतःच्या बळावर बसते.