पाण्याचा हंडा आणि प्रार्थना

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’तील विनोद आम्हां टीकाकारांनीं इतका वाखाणला कीं, त्याखालचें दुखणें दृष्टीआड झालें. नारायणरावांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. पुढें बाई नगरास त्यांच्याजवळ राहावयास आल्या, तरी सोवळें सुटलें नव्हतें. शेजारच्या ख्रिस्ती भगिनी, त्यांतल्या कित्येक पूर्वीच्या अस्पृश्य. त्यांचा विटाळ बाईंच्या मनांतून गेला तो मिशनच्या उपदेशानें नव्हे. जातिभेद देवाचा नसून माणसाचा, हें त्यांचें त्यांनाच पटलें. १९०० सालचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, आणि हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो.

नगर जिल्ह्यांत काँग्रिगेशनल व अँग्लिकन मिशनें निराळीं नांदलीं. त्या दोन्ही परंपरा १९७० सालीं नागपुरास ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’मध्यें एकत्र आल्या. मार्चच्या पहिल्या शुक्रवारीं, जागतिक प्रार्थनादिनीं, नाना पंथांच्या ख्रिस्ती स्त्रिया एकत्र बसून न्याय व समेट मागतात. उपक्रम स्तुत्यच. परंतु पंथांमधली भिंत ठरावानें पडते, हंड्याभोंवतालची पडत नाहीं, हें बाईंच्या पुस्तकाइतकें स्पष्ट आम्हीं अन्यत्र वाचलें नाहीं.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. ज्यांच्या हातचें पाणी बाईंनीं प्रथम टाळलें, त्या बायकांच्या जिवास तें कसें लागलें असेल, याविषयीं या पुस्तकांत फारच थोडें आहे.