सहभागी संकेतस्थळे आणि विद्यापीठीय संगीतशिक्षण

वि. ना. भातखंडे यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांनी घराण्यांतील बंदिशी स्वरलिपीद्वारे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविल्या. परंतु दरबारी कानड्यातील आंदोलित गंधार स्वरलिपीत पूर्णपणे उतरत नाही. तो ऐकावाच लागतो. २००५ मध्ये सुरू झालेल्या यूट्यूबवर जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे रसिकच ठेवू लागले आणि तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत न मावणारा विलंबित ख्याल सर्वांना खुला झाला. अर्थात विद्यार्थ्याचा ढळलेला स्वर ध्वनिमुद्रण दुरुस्त करीत नाही. ते काम गुरूचेच. (अनुकरणालाच तालीम समजण्याचा धोका येथूनच उद्भवतो.) तथापि एकच बंदिश दोन घराण्यांत निराळी का, हा प्रश्न विद्यार्थी आता स्वतः ऐकून विचारू शकतो. केवळ आरोह-अवरोह व पकड विचारणाऱ्या प्रश्नपत्रिकेत मात्र त्याला स्थान नाही.