अशोकाची साल आणि बाटलीवरचं प्रमाण

मागच्या व्याख्यानानंतर एकच प्रश्न वारंवार आला: औषध ‘फार्माकोपियाप्रमाणे’ बनवलंय असं बाटलीवर छापलं असलं, की निर्धास्त व्हायचं ना? आम्ही म्हणतो, थांबा जरा. अशोकारिष्टाचंच बघू.

भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियात अशोक म्हणजे सराका असोका, आपला सीतेचा अशोक. शेंदरी-लाल फुलांचे झुबके येतात तो. सोसायटीच्या कंपाउंडला उंच, सरळ रांगेत उभा असतो तो खोटा अशोक. त्याचं कूळही वेगळं, सीताफळाचं. तरी त्याची साल अशोक म्हणून बाजारात खपते, ही जुनीच गोष्ट आहे.

आता दोष देताना न्यायानं बोललं पाहिजे. सालीचं रूप, सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशी, राखेचं प्रमाण, पाण्यात नि अल्कोहोलमध्ये उतरणारा अंश, हे सगळं त्या ग्रंथात आहे. राखेची परीक्षा तर फार कामाची. आम्लात न विरघळणारी राख जास्त भरली, की साल माती-वाळूसकट आली हे कळतं. पण माती नाही म्हणजे अशोक आहे, असं थोडंच? सालीचा अख्खा तुकडा हातात असताना ओळख पटवणं सोपं. भुकटी झाली की अवघड, काढा झाला की त्याहून अवघड. वर त्यात गूळ आणि धायटीची फुलं पडतात. धायटी स्वतःच टॅनिननं भरलेली! मग तयार अरिष्टातलं टॅनिन मोजून अशोकाची साल किती होती, हे कसं ठरवणार?

आमची खरी तक्रार पुढेच आहे. मानक सालीबद्दल बोलतं, झाडाबद्दल गप्प. सीतेचा अशोक जंगलात आधीच विरळ झालाय, आययूसीएनच्या यादीत तो ‘असुरक्षित’ गटात आहे. खोडाभोवतीची साल पूर्ण सोलली की झाड मरतं. खरी साल पुरत नाही म्हणून खोटी येते. व्यापाऱ्याला नुसतं लबाड म्हणून हा हिशोब सुटत नाही, बरं का.

औषधी कुठल्या जमिनीतली, कुठल्या ऋतूत काढलेली, कशी साठवलेली, याचा विचार चरकसंहितेत आहे. आज बाटलीवर बॅच नंबर असतो. साल कुठल्या वनातली, कोणत्या महिन्यातली, हे सहसा नसतं. ते छापायला लावलं पाहिजे. आणि झाड जगवून थोडी थोडी साल काढायची, तर ती महाग पडणार. तो खर्च बाटलीच्या किमतीत धरावा लागेल, म्हणजे तुम्हा-आम्हाला द्यावा लागेल.